डाव्या हाताचं फूल

दिवाळी आटोपली की इथं अमरावतीत माझ्या खिडकीच्या जाळीला कापूस लटकायला लागतो. समोरच्या रस्त्यानं बाजाराकडे ट्रॅक्टर जातात. ट्रॉलीत मावत नाही तेवढा कापूस कोंबलेला असतो, आणि वाटेतल्या प्रत्येक बाभळीला, विजेच्या तारेला, सायकलवाल्याच्या टोपीला तो आपला थोडा थोडा वाटा देत जातो. आमची शकू, म्हणजे माझ्या भाच्याची बायको, रोज सकाळी ओल्या फडक्यानं जाळी पुसते आणि म्हणते, "मावशी, या कापसानं जीव खाल्ला बाई." मी म्हणते, पूस. माझा जीव कशानं खाल्ला आहे ते तिला सांगून काय उपयोग!

या शकूनं परवा माझं डोकं असं फिरवलं की विचारू नका. तिचा चिंटू साडेतीन वर्षांचा. त्याच्यासाठी तिनं पुण्याहून शास्त्रीय खेळणी मागवली आहेत. एकात एक बसणाऱ्या रंगीत कड्या, भोकांत बसवायचे त्रिकोण-चौकोन. सोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यात मेंदूचं चित्र. सगळं आणलं आणि कुठं ठेवलं असेल? बैठकीच्या शोकेसमध्ये! वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नाही. चिंटू बिचारा खालून टकमका बघतो. मी म्हटलं, अगं, दे की त्याला. तर म्हणे, "मोडेल ना मावशी. पाहुणे आले की काढते मी." आणि मग त्याच चिंटूला मांडीत धरून, त्याच्या मुठीत पेन्सिल खुपसून, शाळेनं दिलेलं पानभर ए-बी-सी-डी गिरवून घेत बसली. पोरगं रडतंय, ही गिरवतेय. मी उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. नाहीतर तोंडातून काहीतरी वाईट निघालं असतं.

सगळं आयुष्य मी लहान मुलांत काढलं. लोकांना वाटतं, काय गोड काम! अहो, मुलं गोडच असतात, त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण मुलांच्या भोवती जी मोठी माणसं असतात ना, त्यांनी माझ्या तोंडाला फेस आणला. त्यातही अडाण्यांनी कमी. शिकलेल्यांनी जास्त.

पहिला फेस अकोल्याला आला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्या वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा. मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. वडिलांशी भांडून गुजरातेत बालशिक्षणाचं शिक्षण घेऊन आले होते. लग्न व्हायचं होतं, ते पुढं झालंच नाही, तो विषय वेगळा. तिथं आम्हाला काय शिकवलं? बघायला शिकवलं. एका बुटक्या पाटावर बसायचं आणि एका मुलाकडं बघत राहायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मदतीला धावायचं नाही. ते काय उचलतं, कुठल्या हातानं उचलतं, कधी सोडतं, कधी परत त्याच्याकडे वळतं, हे बघायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती कठीण गेलं असेल! पण दोन महिन्यांत मला दिसायला लागलं. मूल आधी हातानं शिकतं. हात फिरला की जीभ फिरते, जीभ फिरली की मग अक्षर. आपण करतो बरोबर उलटं. आधी पाटी, मग छडी, आणि हाताची घडी घालून बस. मला वाटलं, हे इतकं साधं आहे, लोकांना सांगितलं की पटेलच. काय ती भाबडी पोर होते मी!

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, बापूसाहेबांनी मला जागा दिली. बापूसाहेबांचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. गोदामाच्या मागची खोली त्यांनी चुना मारून दिली, वर पाटी लावली आणि गावभर सांगितलं की आपल्याकडे सायन्सची शाळा सुरू होऊन राहिली. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. खोलीला सरकीचा तेलकट वास यायचा. जिनाचा भोंगा झाला की माझी लहानगी मुलं दचकायची आणि मग हसायची. दिवसभर हवेत कापसाचे तंतू. मुलांच्या केसांत, पापण्यांत, माझ्या डब्यातल्या भातात. अजूनही कधी घास घेताना जिभेला तो तंतू लागल्यासारखं वाटतं.

बापूसाहेबांनी खर्च करून लाकडी साधनं मागवली. मालगाडीनं मोठी पेटी आली. चढत्या जाडीचे गट्टू, जो तो आपापल्याच भोकात बसणारा. खरखरीत आणि गुळगुळीत फळ्या, डोळे मिटून बोटांनी ओळखायच्या. बटणं-काजं लावायच्या चौकटी. मी पेटी उघडली तेव्हा त्या ताज्या लाकडाचा वास आला आणि मला, खरं सांगते, रडू आलं. मी म्हटलं, उद्यापासून मुलांच्या हातात.

"उद्या दसरा हाय ना बाई," बापूसाहेब म्हणाले. "पूजा झाल्याबिगर कसे द्याचे?"

दसऱ्याला वऱ्हाडात कशाकशाची पूजा होत नाही! तराजूची होते, बैलगाडीची होते, मुलांच्या पाट्यांची होते, जिनाच्या यंत्रांची तर होतेच. माझं काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिनात जाऊन पाहते तो यंत्रांच्या ओळीत माझी साधनं मांडलेली. भटजींनी खरखरीत फळीवर शेंदराचं स्वस्तिक काढलं, गुळगुळीत फळीवरही काढलं. झालं, दोन्ही सारख्याच चिकट. मग नारळ फुटला. त्याचं पाणी नेमकं गट्टूंच्या भोकांत. ती लाकडं इतकी नेमकी कातलेली की केसभर फरक चालायचा नाही, ती सगळी फुगली. मी "अहो, अहो" करत पुढं झाले तर बापूसाहेबांच्या आई म्हणाल्या, "होऊ दे व माय, नारयाचं पानी शुभ असते." वर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी पुसून-वाळवून चालवून घेतलं असतं. पण पुढच्या आठवड्यात सुतार आला आणि काचेचं कपाट बसवून गेला. साधनं आत. कुलूप. किल्ली बापूसाहेबांच्या करदोट्याला.

"बापूसाहेब, हे मुलांसाठी आहे ना?"

"मंग? पोट्ट्यायसाठीच तं ठेवलं. पाहू द्या ना खुशाल."

"बघायचं नाही हो. हाताळायचं आहे. हातानंच तर शिकतात ती!"

"बाई, तुमचं सायन्स तुमच्यापाशी," ते अगदी मायेनं म्हणाले. "पण पुजेल वस्तूले शेंबडे हात लागू द्याचे का? आपल्यात तसं चालत नाही ना."

मुलं काचेला नाक लावून उभी राहायची. काचेच्या खालच्या अंगाला नाकांचे ठसे उमटायचे, बापूसाहेबांचा गडी ते रोज पुसायचा. मी मग सरकी, तुरीच्या शेंगा, गाडग्यांची झाकणं, कापसाची बोंडं, जे मिळेल ते गोळा केलं. वाटीतून वाटीत ओता, मोठं-लहान लावा, सोला, निवडा. मुलं रमली. पण तेही खुपलं. "घरी पोट्टे कचऱ्यात खेयतात, इथंबी कचराच? मंग सायन्स कुठं गेलं?" असं बापूसाहेब विचारायचे आणि कपाटाकडे बोट दाखवायचे. सायन्स तिथं होतं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच दिवसांत कौसा मूल शाळेत घालायला आली. ही माळ्याची बाई. नदीकाठी त्यांचा मळा, वांगी-मेथी आणि कडेनं झेंडू, शेवंती. जुन्या शहरात देवळाच्या बोळात पोतं अंथरून ती फुलं विकायची. सोबत तिची लेक, पाचेक वर्षांची. नाव शेवंती. डोळे असे की सगळं टिपून घेणारे. पण उभी होती तिरकी, कुणी ढकलून दिल्यासारखी. मी नीट पाहिलं तर तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरेशी बांधलेला.

राग आला की माझी जीभ सरळ घरच्या बोलीवर जाते. "काहून बांधला व हा हात?"

"डावखोरी हाय बाई. फुलं डाव्या हातानं देते लोकायले." कौसा लाजून बोलली, पोरीला काही रोग असल्यासारखी. "देवाले जाचे फुलं. डाव्या हाताचे कोन घेईन? बैलपोयाच्या सनाले एका बाईनं पुडा फेकून देल्ला रस्त्यात. म्हने, बाटवला. तवापासून बांधतो."

"तुझं नाव काय गं?" मी पोरीला विचारलं.

ती "शे, शे, शे" करत राहिली. मान वाकडी झाली, डोळ्यांत पाणी आलं, नाव काही बाहेर येईना.

"पहिले लय बोले," कौसा म्हणाली. "बडबड बडबड. आता अशी अडकते. कोनाची नजर लागली असन."

नजर! हात बांधल्यापासून पोरीची वाचा अडकली आणि यांना नजर दिसते. आम्हाला शिकवलं होतं की डावखुऱ्या मुलाचा हात बळजबरीनं फिरवला तर कित्येकदा बोलणं अडखळायला लागतं. आजचं शास्त्र यावर काय म्हणतं मला ठाऊक नाही. म्हणू दे काय म्हणायचं ते. मी माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगते आहे.

मी कौसाला समजावलं. हात सोड, जीभ सुटेल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाताचा आन तोंडाचा काय संबंध बाई?" प्रश्न अगदी रास्त होता. मी पुष्कळ सांगितलं, ती मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमी तरनी पोरगी. राग नका मानू. पण मी हिचा हात मोकया केला आन माहा धंदा बसला, तं खाऊ काय? लेकराले काय चारू?"

यात खोटं काय होतं? गिऱ्हाईक डाव्या हाताचं फूल घेत नव्हतं, हे खरंच होतं. म्हणून आमचा एक करार झाला. शाळेत हात मोकळा, बोळात बांधलेला. आणि पुढचं काय? त्या वेळी गावात बातमी होती की विलायतेत बालमनाचं शास्त्र शिकून आलेले एक मोठे साहेब संक्रांतीच्या सुमारास बापूसाहेबांची शाळा पाहायला येणार. मी कौसाला म्हटलं, "माझ्यावर नको विश्वास ठेवू. ते साहेब तुला सांगतील. मग सोडशील?"

"साहेबानं सांगतलं तं सोडीन," ती लगेच म्हणाली. "बोयातबी सोडीन. लोकायले सांगीन का साहेबाचा हुकूम हाय. मंग कोन बोलन?"

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

कार्तिक सरला आणि थंडी पडली. त्या थंडीची चव मला अजून आठवते. शेतावरून कुणीतरी हुरडा पाठवायचं, कुणाच्या घरून अंबाडीची भाजी यायची, वरूडकडची संत्री बाजारात आली की मुलांच्या बोटांना त्या सालीचा वास. सकाळच्या उन्हात मी पाट टाकून बसायची आणि शेवंतीकडे बघत राहायची. कौसा चिंधी सोडून तिला माझ्याकडे ढकलून निघून जायची. सुटलेला हात पोरीला काही वेळ आपला वाटायचाच नाही. मनगटावर वळ असायचा, तो ती दुसऱ्या हातानं चोळायची. मग हळूच तो हात सरकीत घालायची, कोपरापर्यंत. तशीच बसून राहायची. मी गप्प. मला शिकवलं होतं ना, बोलायचं नाही, बघायचं.

मग तिनं आपली आपण फुलं ओवायला घेतली. आईच्या टोपलीतली खाली पडलेली, देठ मोडलेली शेवंती ती ओच्यात आणायची. सुई डाव्या हातात. इतकी सफाई! जीभ दातांत धरून ती ओवायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. आधी नुसता आवाज. मग शब्द. मी कान देऊन ऐकायची आणि चेहऱ्यावर काही दाखवायची नाही. एके सकाळी गेनू नावाचा तिच्याच वयाचा गोलमटोल मुलगा तिच्या फुलांवर जाऊन बसला. आणि आमची शेवंती कडाडली, "ए गेन्या, सरक ना बाप्पा! माह्या फुलायवर बसला तू, आंधया हायेस का?"

एकदाही अडखळली नाही. गेनू बिचारा रडायला लागला आणि मी, काय सांगू, मी त्याला समजावायचं सोडून पदर तोंडाला लावून हसत सुटले. दारात कौसा उभी होती, पोरीला न्यायला आलेली. तिनं ऐकलं होतं. "बाई," ती म्हणाली, "बोलते हो!" आणि मटकन उंबऱ्यावर बसून रडली. पुष्कळ रडली.

मी म्हटलं, "मग आता सोड की हात."

तिनं डोळे पुसले, कनवटीची चिंधी काढली आणि बोळात जाण्याआधी नेमानं बांधली. "साहेब येऊ द्या," म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण करार म्हणजे करार. आणि मला साहेबांची खात्री होती.

परवा शकूला मी हे सांगायला बसले. तिनं अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, तेव्हाच्या लोकांना शास्त्र माहीत नव्हतं ना, म्हणून." अगं बाई, माहीत नव्हतं? व्याख्यानं व्हायची, मासिकांत लेख यायचे, टाळ्या पडायच्या! माहीत असण्याचा कधीच तोटा नव्हता. शास्त्र विलायतेहून नागपूरला येतं, नागपूरहून अकोल्याला येतं, बैठकीपर्यंत येतं, शोकेसपर्यंत येतं. तिथून हातभर अंतरावर मूल उभं असतं, तेवढं अंतर काही त्याला कापवत नाही. चिंटूच्या शाळेत बालमानसशास्त्राची पदवी घेतलेल्या बाई आहेत. त्यांनीच तो पानभर घरचा अभ्यास दिलेला आहे. मी त्यांना भेटायला गेले होते. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आम्हालाही पटतं हो, पण पालकांची मागणी असते." शकूला विचारलं तर ती म्हणते, शाळा देते म्हणून करून घ्यावं लागतं. बसा मग एकमेकांकडे बोट दाखवत! मी चिडले की भाचा म्हणतो, मावशीचं वय झालं. वय झालं म्हणून नाही रे बाबा. वयाच्या बाविसाव्या वर्षीही मी अशीच चिडायची.

तर साहेब आले. संक्रांतीच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. मुलांना तेल लावून, भांग पाडून, कुडकुडत बसवलेलं. कपाटाची काच चकचकीत, कपाटाला झेंडूचा हार. साहेब दिसायला शांत, लोकरीचा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. आणि खोटं कशाला बोलू, माणूस विद्वान होता. दुपारी बापूसाहेबांकडे जेवायला बसले होते तेव्हा मी वाढायचं निमित्त करून त्यांना शेवंतीचं सगळं सांगितलं. हात, चिंधी, अडखळणं, गेनू, सगळं. त्यांनी घास खाली ठेवला.

"हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे तुमचं," ते म्हणाले. "त्या मुलीचा हात मुळीच बांधता कामा नये. मी स्वतः सांगेन तिच्या आईला."

"नक्की सांगा हो साहेब. ती तुमच्याच शब्दासाठी थांबली आहे."

"अवश्य. हे तर आपलं कर्तव्य आहे."

मी धावतच बोळात गेले. कौसाला म्हटलं, आज साहेब सांगणार आहेत, तू दारात उभी राहा, नीट ऐक. तिनं पोतं गुंडाळलं, टोपलीत निवडक शेवंती घेतली आणि पोरीची चिंधी तिथंच बोळात सोडली. पहिल्यांदा. "साहेब सांगनारच हायेत तं कायले बांधू," म्हणाली.

शाळेत साहेबांनी आधी कपाट पाहिलं. "वा! मुलं ही साधनं वापरतात ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी जपून ठेवले हायेत साहेब," बापूसाहेब म्हणाले.

"उत्तम, उत्तम."

मी दातओठ खाल्ले. म्हटलं, आज भांडण नको, आज शेवंतीचं काम होऊ दे.

मग भाषण. काय भाषण होतं! बालकाच्या स्वयंस्फूर्त प्रवृत्तींना प्रतिबंध करणं म्हणजे त्याच्या व्यक्तिमत्त्वाची हत्या करणं. बालकाचा हात हे बुद्धीचं प्रथम साधन. निसर्गानं ज्या हाताला प्राधान्य दिलं त्याला प्रौढांनी विरोध करू नये. मला वाटलं, उठून टाळी वाजवावी. मी दाराकडे वळून कौसाला डोळ्यांनी खुणावलं, ऐकलंस ना? ती पदर सावरून उभी होती, साहेबांच्या तोंडाकडे एकटक बघत. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. प्रवृत्ती, प्रतिबंध, प्राधान्य! ती वाट बघत होती की साहेब आता हाताचं कधी बोलतात.

भाषण संपलं. मुलांनी एकेक फूल द्यायचं ठरलं होतं. गेनूनं दिलं, बाकीच्यांनी दिलं. मग शेवंती. पिवळंधमक फूल घेऊन ती तुरुतुरु गेली, पुढ्यात उभी राहिली आणि मोठ्यानं, न अडखळता म्हणाली, "घ्या साहेब, माह्या मयातलं हाय." आणि डावा हात पुढं केला.

साहेबांनी घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला.

"अं हं, बाळ," ते हसून म्हणाले. "उजव्या हातानं द्यावं. शहाणी ना तू?"

खोलीत सगळे कौतुकानं हसले. बापूसाहेबांनी लगबगीनं पुढं होऊन फूल तिच्या उजव्या हातात दिलं. तिनं ते पुढं केलं. "घ, घ, घ..." करत राहिली. साहेबांनी तिच्या गालाला हात लावला, फूल कोटाच्या काजात खोचलं आणि टाळ्या पडल्या.

मी टांग्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. म्हटलं, "साहेब, हे काय केलंत तुम्ही! तीच ती मुलगी." त्यांना खरंच आठवलं. चेहरा पडला क्षणभर. मग म्हणाले, "अहो, ते शिष्टाचाराचं झालं. शास्त्र वेगळं." मी म्हटलं, मग दोन मिनिटं खाली उतरा, आईला एवढं सांगा. त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. "तुम्हीच सांगा ना, माझं नाव घेऊन सांगा," म्हणाले, आणि टांगा निघाला. मागं वळून नमस्कारही केला. सज्जन माणूस!

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा पोरीला घेऊन दारात उभी. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "बाई, आता शायेतबी बांधलेलाच राहू द्या."

"कौसा, ऐक माझं. साहेब चुकले. मला म्हणाले होते ते, हात बांधू नका म्हणून. भाषणातही तेच..."

"साहेब तुमच्यापक्षा जास्त शिकेल हायेत ना?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो. पण..."

"एवढा शिकेल मानूस. त्यानंबी नाही घेतलं बाई फूल. मंग बोयातले लोक काहून घेतीन?"

मागे जिनाचा भोंगा झाला. शेवंती माझ्याकडे बघत होती. मी बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला आले आणि म्हटलं, "शेवंते, तुला काय वाटतं ते सांग तरी." तिनं मान हलवली. बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

कौसानं कनवटीची चिंधी काढून उलगडली. पूर्वी या वेळेला पोर हात पाठीमागं दडवायची, झोंबायची, चिंधी दातानं ओढायची. त्या दिवशी तिनं तसलं काही केलं नाही. आपणहून डावा हात कमरेशी नेऊन धरला आणि आईला गाठ मारायला बरं पडावं म्हणून जराशी वळून उभी राहिली.

कौसाचा चेहरा उजळला. "पाहा बाई," ती म्हणाली, "समजदार झाली माही पोरगी."